थकबाकीचे स्थलांतर

क्रेडिट कार्डावरील थकबाकीचे स्थलांतर, ज्याला बँकांच्या आणि आता घराघरांच्या बोलीत ‘बॅलन्स ट्रान्सफर’ म्हणतात, ही एका बँकेचे देणे दुसऱ्या बँकेच्या पैशाने चुकते करून दुसरीचे देणेकरी होण्याची अधिकृत, छापील अटींनी युक्त आणि फोनवरून आग्रहाने सुचवली जाणारी पद्धत होय. हिची अनधिकृत आवृत्ती, म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवणे, महाराष्ट्रात फार पूर्वीपासून प्रचलित असली तरी तिला प्रतिष्ठा नव्हती, आणि ती करणारा गृहस्थ दुरून येताना दिसला की शहाणी माणसे आपापल्या टोप्या चाचपून पाहत. नव्या पद्धतीत मात्र टोपी फिरवणाऱ्याचे अभिनंदन करणारा संदेश येतो, त्यात त्याला ‘सन्माननीय ग्राहक’ म्हटलेले असते, आणि फिरवण्याच्या कामाबद्दल शेकडा एक-दोन रुपये प्रक्रिया शुल्क व त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, घेतला जातो. प्रतिष्ठेचे मोल म्हणून ही रक्कम फारशी नाही.

हा निर्णय घ्यावा की नाही, हा प्रश्न वरकरणी सातवीच्या गणिताचा आहे, आणि तो सुटत नाही याचे पहिले कारण सातवीच्या गणितातच सापडते. भारतात व्याज सांगण्याच्या दोन परंपरा आहेत. बँक ठेवीचे व्याज वर्षाचे सांगते, सावकार कर्जाचे व्याज महिन्याचे सांगत असे. क्रेडिट कार्ड हे बँकेचे अपत्य असूनही या बाबतीत सावकाराच्या वळणावर गेले आहे. परिणामी, ज्याच्या मुदत ठेवीच्या पावतीवर ७ टक्के लिहिलेले आहे आणि कार्डाच्या विवरणपत्रावर ३.५ टक्के, त्या सुशिक्षित गृहस्थाचा असा प्रामाणिक समज होऊ शकतो की आपण बँकेकडून घेतो त्याच्या निम्मेच तिला देतो. त्याच विवरणपत्रावर वार्षिक दरही दिलेला असतो, नव्हे, तो देणे बंधनकारकच आहे. पण माणूस वाचताना लहान आकड्यापाशी थांबतो. दरमहा ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी धरला की हिशेब ४९.५६ टक्क्यांवर जातो. घरकर्जाच्या किंवा वाहनकर्जाच्या व्याजावर हा कर लागत नाही. कर्जावरील व्याजाला सूट देताना कायद्याने क्रेडिट कार्डाचे व्याज तेवढे नाव घेऊन वगळले आहे, त्यामुळे कार्डाचे व्याज भरणारा मनुष्य शासनाच्या दृष्टीने कर्जबाजारी नसून सेवेचा उपभोग घेणारा ठरतो.

या सेवेचा गाभा म्हणजे ‘किमान देय रक्कम’, अर्थात ‘मिनिमम ड्यू’. एकूण थकबाकीच्या साधारण पाच टक्के इतकी ही रक्कम भरली की कार्डधारक थकबाकीदार ठरत नाही, विलंबशुल्क लागत नाही आणि वसुलीचे फोन येत नाहीत. त्याला फक्त व्याज लागते, आणि ते फोन करत नाही. एक लाख रुपयांच्या थकबाकीवर महिन्याचे व्याज साडेतीन हजार आणि त्यावरचा कर सहाशे तीस, असे ४,१३० रुपये होतात. कार्डधारकाने किमान म्हणून पाच हजार भरले तर ढोबळमानाने त्यांतले ८७० रुपये मुद्दलाला लागतात, आणि या वेगाने, दरमहा फक्त पाच टक्के भरत आणि नवी खरेदी मुळीच न करता गेले, तर एक लाखाचे पन्नास हजार व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ जातो. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांविषयी जे निर्देश काढले त्यांत किमान रक्कम अशी ठरवावी की ती भरूनही कर्ज वाढत राहू नये, असे बजावले आहे. कर्ज किती घटावे याविषयी मात्र त्यात आग्रह नाही. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे लांबेल आणि चक्रवाढ व्याज द्यावे लागेल, असा इशाराही प्रत्येक विवरणपत्रावर छापावा लागतो. सिगारेटच्या पाकिटावर चित्र तरी असते.

याच्या जोडीला दुसरी एक तरतूद आहे जी कार्डधारकांपैकी बहुतेकांनी सही करून मान्य केलेली आणि फार थोड्यांनी वाचलेली असते. कार्डावर खरेदी केल्यापासून साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत व्याज लागत नाही, ही सवलत संपूर्ण बिल भरणाऱ्यापुरतीच असते. बिलातला काही भाग मागे राहिला की ती जाते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज धावू लागते. पूर्वी याचे परिणाम मर्यादित होते, कारण कार्ड घासण्याचे यंत्र दुकानात असे आणि हातगाडीवर नसे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची मुभा मिळाली, चौकोनी चिन्ह झळकवणाऱ्या भाजीवाल्यापर्यंतही उधारीचा हात पोचला, आणि ज्या घरात मागील बिलातले चार हजार रुपये राहून गेले आहेत त्या घरातली कोथिंबिरीची जुडी आता द.सा.द.शे. ४२ ने सुकू लागते. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी लावून ज्या दुकानदारांनी पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाइकाला त्याच्यापासूनच वाचवले, त्यांच्याच गल्ल्याशेजारी आता ते चौकोनी चिन्ह टेकवून ठेवलेले असते. दुकानदाराला रोख मिळते. उधारी दुसऱ्याच कोणाच्या वहीत जाते.

व्याजाच्या अशा दराला या प्रदेशात पूर्वी काही उत्तर नव्हते असे नाही. हिंदू विधीतील ‘दामदुपट’ हा नियम, ज्यानुसार कोणत्याही एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये, तो मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी इंग्रजी अमदानीतही मानला. सावकाराने कितीही वर्षे वाट पाहिली तरी शंभराचे दोनशेच मागायचे, अशी ही सोय. कार्डावर एक पैसाही न भरता स्वस्थ बसून राहिल्यास, विलंबशुल्क सोडून देऊनही, आजच्या दराने दुप्पट व्हायला दीड वर्षाच्या आसपास लागते. म्हणजे दामदुपटीची मर्यादा जिथे संपे तिथे कार्डाचे पहिले दीड वर्ष संपते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली आणि त्यातून चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. आज असे काही करावयाचे झाल्यास जाळण्याजोगा कागदच राहिलेला नाही. विवरणपत्र संगणकीय धारिका म्हणून येते आणि तीही परवलीचा शब्द घातल्याशिवाय उघडत नाही. सावकारानेच आपली खते नदीत बुडवल्याची जी परंपरागत कथा आहे ती देहूची आहे, आणि तिचे अनुकरण कोणत्याही बँकेने केल्याचे दिसत नाही.

आधुनिक न्यायालयांचा या विषयातील प्रवासही संथ पण शिस्तबद्ध म्हणावा लागेल. ‘आवाज’ या संस्थेच्या तक्रारीवरून राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली असा निर्णय दिला की थकबाकीवर वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, निर्णयाला स्थगिती मिळाली, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला. व्याजाचा दर ठरवणे हे आयोगाचे काम नव्हे आणि कार्डधारकांना अटींची कल्पना दिलेली असते, अशी त्यामागची भूमिका. त्याआधीच, १९८४ पासून, बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१अ नुसार बँकेचे व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला व्यवहार उकलून पाहता येत नाही. एक लाखाच्या थकबाकीला या सोळा वर्षांच्या खटल्यात काय झाले असते याचे गणित चक्रवाढीच्या सूत्राने करता येते, पण ते करू नये.

तेव्हा दर खाली येण्याची वाट पाहण्यापेक्षा थकबाकीच कमी दराच्या जागी हलवावी, हा विचार शहाणपणाचा आहे, आणि त्याला विरोध करणारे गणित सहजी सापडत नाही. स्थलांतराचे साधारणपणे दोन प्रकार असतात. पहिल्यात काही दिवस, बहुधा साठ, मुळीच व्याज नसते आणि प्रक्रिया शुल्क म्हणून समजा दोन टक्के द्यावे लागतात. एक लाखावर करासह २,३६० रुपये. त्या साठ दिवसांत जुन्या कार्डावर सव्वाआठ हजारांच्या आसपास व्याज व कर झाला असता, म्हणून जवळजवळ सहा हजार वाचतात. अट एवढीच की एकसष्टाव्या दिवशी लाख रुपये हाताशी असावेत, कारण नसल्यास नव्या कार्डाचा नेहमीचा दर लागतो, जो जुन्यासारखाच असतो. दोन महिन्यांत लाख रुपये उभे करू शकणारा मनुष्य मुळात थकबाकीत का पडला, हा प्रश्न बँक विचारत नाही. ती सभ्यता तिने पहिल्यापासून पाळली आहे.

दुसरा प्रकार हप्त्यांचा. एक लाख बारा महिन्यांत, घटत्या शिलकेवर दरमहा दीड टक्क्याने फेडायचे ठरले तर हप्ता ९,१६८ रुपयांचा बसतो. वर्षभराचे व्याज दहा हजारांच्या वर थोडे, त्यावरचा कर अठराशे, एक टक्का शुल्क करासह ११८०, असा एकूण खर्च सुमारे तेरा हजार होतो. तेच लाख जुन्या कार्डावर ठेवून बारा समान हप्त्यांत फेडले असते तर व्याज व कर मिळून २८,८०० च्या घरात गेले असते. फरक पंधरा हजार आठशे. हा आकडा काल्पनिक नाही, फसवा नाही, आणि कोणत्याही मध्यमवर्गीय घरात त्याला मान मिळावा इतका मोठा आहे. त्याचे पुढे काय होते हे यथाक्रम येईल.

तत्पूर्वी ‘फ्लॅट’ दराचा खुलासा आवश्यक आहे, कारण फोनवर बहुधा तोच सांगितला जातो. घटत्या शिलकेच्या पद्धतीत दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर व्याज लागते. फ्लॅट पद्धतीत पहिल्या दिवशीच्या संपूर्ण मुद्दलावर शेवटच्या महिन्यापर्यंत लागत राहते, मग अकरा हप्ते फेडून झालेले का असेनात. दरमहा ०.९९ टक्के फ्लॅट या दराने एक लाखावर वर्षाचे व्याज ११,८८० रुपये होते, तर दरमहा १.५ टक्के घटत्या दराने ते १०,०१६. म्हणजे ०.९९ हे १.५ पेक्षा मोठे आहे. हे सिद्ध करणे प्राथमिक शाळेत शक्य नसले तरी बँकेच्या विक्री विभागात ते नित्य सिद्ध होते, आणि वार्षिक भाषेत सांगायचे तर तो फ्लॅट दर एकवीस टक्क्यांच्याही वर जातो. आकड्याच्या शेवटी नऊ असण्यामागे जो विचार चपलांच्या दुकानात असतो तोच येथेही असावा.

हा फोन दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येतो अशी एक समजूत आहे. दूरसंचार नियामकाने जाहिरातीच्या फोनांसाठी १४० पासून सुरू होणारे क्रमांक राखून ठेवल्यामुळे तो न उचलण्याची सोय झाली आहे, परंतु थकबाकी असलेला मनुष्य अनोळखी फोन भीतीने उचलतो आणि विक्रीचा निघाला म्हणून त्याला इतके हायसे वाटते की तो ऐकून घेतो. पलीकडचा आवाज तरुण, बहुधा हिंदीतून बोलणारा आणि कमालीचा अदबशीर असतो. ‘सर, सिर्फ आपके लिए’ या शब्दांनी आरंभ झालेल्या संभाषणात व्याज हा शब्द येत नाही, ‘चार्जेस’ येतात. कर्ज हा शब्द येत नाही, ‘फॅसिलिटी’ येते. आणि मुदतीपूर्वी फेडल्यास पुन्हा शुल्क पडेल का, एक हप्ता चुकल्यास सवलतीचा दर राहील का, नव्या कार्डावर या काळात केलेल्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतील का, हे तीन प्रश्न विचारल्यास आवाजातली अदब कायम राहते पण उत्तर मेलवर पाठवण्याचे ठरते. या तीन प्रश्नांवरच बहुतेक स्थलांतरांचा नफातोटा अवलंबून असतो. उत्तरे ‘सर्वाधिक महत्त्वाच्या अटी व शर्ती’ या नावाच्या दस्तऐवजात असतात, आणि तो बारीक अक्षरात असू नये म्हणून रिझर्व्ह बँकेने त्याचा टंक एरियल आणि आकार किमान बारा असावा इथपर्यंत लक्ष घातले. अक्षर मोठे केल्याने दस्तऐवजाची पाने वाढली.

आता खरा पेच. ज्या घरात स्थलांतराची चर्चा चालू असते त्या घरात पुष्कळदा त्याच सुमारास एखादी मुदत ठेव, म्हणजे एफडी, सुखाने नांदत असते. एक लाखाची ठेव सात टक्क्यांनी वर्षभरात सात हजार रुपये मिळवते. कार्ड तेवढे दोन महिन्यांच्या आत खाऊन टाकते. ठेव मोडून थकबाकी फेडल्यास, मुदतीपूर्वी मोडल्याचा अर्धा-एक टक्का दंड सोसूनही, बँकांनी देऊ केलेल्या बहुतेक स्थलांतरांपेक्षा अधिक पैसे वाचतात, आणि प्रक्रिया शुल्क शून्य. तरीही ठेव मोडण्याची सूचना घरात केली असता जी शांतता पसरते ती पाहता, सूचना करणाऱ्याने घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीलाच मोडीत काढण्याचा प्रस्ताव मांडला असावा असे वाटते. ठेवीला नाव असते. ही मुलीच्या लग्नाची, ही आईच्या दवाखान्याची, ही ‘असू द्यावी’ या सदरातली. थकबाकीला नाव नसते. तिच्यात एक फ्रीज, दोन विमानतिकिटे, एका बारशाचा आहेर आणि कोणालाच न आठवणारे २,१९९ रुपये असे सगळे एकत्र कालवलेले असते, आणि निनावी देण्यासाठी नाव असलेली ठेव मोडणे हे मराठी मनाला अन्यायाचे वाटते.

पैशाला असे घरातल्या घरात निरनिराळ्या खणांत कोंडून, एका खणातले दुसऱ्यात न जाऊ देण्याच्या वृत्तीला वर्तनवादी अर्थशास्त्रात ‘मानसिक हिशेब’ म्हणतात, आणि ही संकल्पना मांडणारे रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हाताशी बचत असताना महागडे कार्डकर्ज वागवणारी कुटुंबे अमेरिकेतही आढळतात आणि तेथील अर्थतज्ज्ञांनी त्यास कोडे म्हटले आहे. सदाशिव पेठेत किंवा डोंबिवलीत चौकशी केली असती तर कोडे लगेच सुटले असते: मोडलेली ठेव पुन्हा होत नाही, हे तेथे कोणीही सांगेल. यात अर्थशास्त्र कच्चे असले तरी स्वभावाचा अभ्यास पक्का आहे. ठेव मोडून कार्ड रिकामे केले तर वर्षभराने ठेवही नसेल आणि कार्डही पुन्हा भरलेले असेल, हे घरातील बाईला घरातील पुरुषाविषयी ठाऊक असते. ४२ टक्के हा ती या ज्ञानासाठी भरत असलेला विम्याचा हप्ता आहे, आणि तो फार महाग आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

सोन्याची गोष्ट याहून सोपी. बँका सोनेतारण कर्ज कार्डाच्या दराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात देतात, सोने लॉकरमध्ये निवांत पडलेले असते, आणि तरी ‘बांगड्या ठेवल्या’ या वाक्याला जे वजन आहे ते ‘कार्डावर बॅलन्स आहे’ या वाक्याला नाही. पहिल्यात घराण्याची अब्रू जाते, दुसऱ्यात मनुष्य नोकरदार असल्याचे सिद्ध होते.

सोने नको असेल तर पगारदारांची पतसंस्था होती, अजूनही आहे. कचेरीतल्या सहकाऱ्यांनी मिळून चालवलेल्या, पगारातूनच हप्ता कापून घेणाऱ्या या संस्थेचा व्याजदर कार्डाच्या पासंगालाही पुरत नाही. तिची अडचण एकच, ती जामीनदार मागते. जामीनदार म्हणजे ऋणकोने न फेडल्यास आपण फेडू असे लिहून देणारा मनुष्य, आणि सहकारी चळवळीच्या इतिहासात त्याचे जे स्थान सांगितले जाते त्याहून त्याचे खरे कार्य फार व्यापक होते. कर्ज घेणाऱ्याने नवा शर्ट घातला की जामीनदार शेजारच्या टेबलावरून ‘काय, नवा वाटतं?’ असे विचारी. कर्जदाराने रजा मागितली की कुठे जायचे ठरले आहे याची चौकशी आधी साहेब नव्हे, जामीनदार करी. हॉटेलात मिसळीवर जादा तर्री मागवली तर समोर बसलेल्याच्या भुवया किंचित वर जात. दिवाळीला ऋणकोच्या घरी आकाशकंदील जरा मोठा दिसला तर जामीनदाराच्या पत्नीची शुभेच्छा भेट ठरलेली. रिझर्व्ह बँकेच्या कोणत्याही निर्देशांनी साधला नसता इतका खर्चावरचा अंकुश हा एक मनुष्य, बिनपगारी, चहाच्या दोन कपांवर साधत असे, आणि पतसंस्थेची कर्जे बव्हंशी फिटत ती व्याज कमी असल्यामुळे जितकी तितकीच या टेहळणीमुळे. क्रेडिट कार्डाने व्याजाच्या बदल्यात जे विकले ते हेच: जामीनदारापासून सुटका. वर्षाला ४२ टक्के देऊन मनुष्य पैसा विकत घेत नाही, कोणाला न सांगण्याची मुभा विकत घेतो, आणि एका कार्डावरून दुसऱ्यावर जाताना ती मुभा अबाधित राहते, म्हणूनच ठेव, सोने आणि पतसंस्था हे तिन्ही स्वस्त मार्ग सोडून तो चौथ्या नंबरच्या मार्गावर एवढ्या बारकाईने गणित करीत बसतो. जामीनदाराची जागा आता तीनशे ते नऊशेच्या दरम्यानच्या एका आकड्याने, सिबिल गुणांकाने, घेतली आहे. नव्या कार्डासाठी अर्ज केला की चौकशीची नोंद होते आणि तो थोडा घसरू शकतो. लिमिटच्या मोठ्या भागाइतकी उधारी वापरली तरी घसरतो. आणि मेहुणे-मेहुणे हल्ली तो एकमेकांना दहावीच्या टक्क्यांप्रमाणे विचारतात. परंतु शर्टाविषयी तो काही बोलत नाही.

एवढे सगळे ध्यानात घेऊनही स्थलांतराचा निर्णय बहुधा होतोच, आणि तो संगणकावरील हिशेबतक्त्यात होतो. हा तक्ता घरातील तरुण सदस्य करतो. त्यात डावीकडे जुने कार्ड, उजवीकडे नवे, खाली हिरव्या रंगात १५,८०० हा फरक. येथवर सर्व यथायोग्य असते. त्यानंतर मात्र तो हिरवा आकडा, जो वर्षभरात, बारा हप्ते वेळेवर भरल्यावर, न झालेल्या खर्चाच्या रूपाने अदृश्यपणे वाचायचा आहे, तो घरातील सर्वांना आजच हाती आलेल्या रकमेसारखा दिसू लागतो. धुलाई यंत्राचा आवाज गेले सहा महिने खटकत होताच. यंत्र पंधरा हजारांत येते, म्हणजे जवळजवळ फुकटच, असा एक सूर निघतो, आणि पैसे कुठून भरायचे हा प्रश्न उपस्थित होतो न होतो तोच लक्षात येते की जुने कार्ड आता रिकामे आहे. त्याची संपूर्ण लिमिट परत आली आहे. ज्या कार्डाने गेले वर्षभर ‘व्यवहार नाकारला’ असे चारचौघांत सांगून अपमान केला तेच पुन्हा प्रसन्न झाले आहे. नव्या बँकेने जुन्या बँकेचे पैसे फेडले, यातून जुनी बँक दुखावली जात नाही याचे रहस्य येथे आहे. तिला मुद्दल व्याजासह परत मिळते आणि गिऱ्हाईकही घरीच राहते. दुसऱ्या बँकेला नवे गिऱ्हाईक मिळते. आणि कुटुंबाला धुलाई यंत्र. सहा महिन्यांनी दोन्ही कार्डांवर मिळून जी रक्कम दिसते तिच्यासाठी तिसऱ्या बँकेचा फोन आलेला असतो.

यातून वाचण्याचा मार्ग गणिताने कठीण नाही. जुने कार्ड फेडले गेले की त्याच दिवशी ते बंद करण्याचा अर्ज द्यावा. ठेव न मोडणारी, सोने न ठेवणारी आणि पतसंस्थेत न जाणारी कुटुंबेही हे करू शकतात, आणि ज्यांनी केले त्यांचे १५,८०० खरोखर वाचतात. अर्थात बंद करण्यासाठी फोन केल्यास तो प्रथम समजूत काढणाऱ्या विभागाकडे जातो, तेथे वार्षिक शुल्क माफ होते, लिमिट वाढवून देण्याची तयारी दाखवली जाते आणि इतक्या वर्षांच्या संबंधांचा उल्लेख होतो. त्यालाही न बधणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत एक तरतूद केली आहे, जी या क्षेत्रात दुर्मीळच म्हणावी: कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण केली नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपयांप्रमाणे दंड बँकेने कार्डधारकाला द्यायचा. विलंबशुल्क उलट दिशेने वाहण्याचा हा विरळा प्रसंग, आणि कार्डधारकाने तो आतुरतेने अपेक्षावा असाच आहे.

त्यासाठी कार्डावर काहीही येणे बाकी असता कामा नये, ही अट आहे. विवरणपत्र निघाल्याच्या तारखेपासून नव्या बँकेचे पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचे व्याज स्थलांतराच्या रकमेत धरलेले नसते. ते पुढल्या महिन्याच्या विवरणपत्रात, करासह, काही शे रुपयांच्या रूपाने उगवते, आणि तोवर जुने कार्ड फिटले म्हणून त्याचे विवरणपत्र उघडून पाहण्याचे घरात सर्वांनीच सोडून दिलेले असते.